एका मार्काचा बाप

"आत येऊ का, सर?"

दारातून प्रेरणाचा आवाज आला, आणि बायकोच्या, द्वारकाबाईंच्या फोटोला हार घालत असलेल्या सोमनाथ ठोंबऱ्यांचे हात तसेच अधांतरी राहिले... स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायला पोटची पोर परवानगी मागते, आणि तीही तासाला उशिरा आलेल्या विद्यार्थिनीसारखी! बरं, बोट ठेवायला जागा नाही. 'सर' हा आदराचाच शब्द. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळी सिडको त्यांना 'सर'च म्हणायची. पण तो शब्द प्रेरणाच्या तोंडून यायचा तो चिमट्यात धरलेल्या निखाऱ्यासारखा, लांबून, आपल्याला चटका बसणार नाही अशा बेतानं...

"ये," ते म्हणाले. 'ये गं बाळा' म्हणायचं होतं. त्यातलं 'बाळा' त्यांनी गाळलं.

आज द्वारकाबाईंचं वर्षश्राद्ध. लासूर स्टेशनहून आलेली धाकटी भावजय, दीपमाला, पहाटेपासून स्वयंपाकघर ताब्यात घेऊन बसली होती. प्रेरणाला बघताच ती झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"आलीस का बाई! मला वाटलं, पुणेकरीण झालीस, आता आईला बी ऑनलाइनच जेवू घालतीस का काय! जा, हातपाय धू. आज नेमकं नळाला पाणी आलंय. वहिनीच्या नावानं नळाला बी पाझर फुटला बघ."

"चार वडे जास्त कर, काकू. आईला आवडायचे."

"आन् तुझ्या बापाला?"

"त्यांना काय," प्रेरणा बॅग ठेवत म्हणाली, "एक कमी पडला तरी चालतो."

दीपमालाच्या हातातला झारा खाली आला. सोमनाथरावांनी हार सारखा केला, फोटोची काच उपरण्याच्या टोकानं पुसली... एकदा पुसली, पुन्हा पुसली. स्वच्छ काच पुसत बसणाऱ्या माणसाला बोलायचं नसतं, एवढं तरी दुनियेला कळावं!

हे 'एक कमी'चं प्रकरण ठोंबऱ्यांच्या घरात मिठासारखं मुरलेलं होतं. आठ-नऊ वर्षं झाली असतील त्याला. सोमनाथराव शहरातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे, आणि प्रेरणा त्याच कॉलेजात शिकायला होती. पहिल्या वर्षी तिचा नेमका गणित हाच विषय राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! पण एटीकेटी मिळाली, म्हणजे विषय मागं ठेवून वरच्या वर्गात बसायची मुभा. ही बातमी फोनवरून गावी गेली, तेव्हा तिच्या आजोबांनी, रामकिसन आबांनी, सगळ्या आळीत पेढे वाटले. "बापाची पदवी यमेस्सी, तीनच अक्षराची," म्हातारा फेट्याला हात लावून सांगत फिरला, "नातीला पहिल्याच वर्साला चार अक्षराची मिळाली!" घरात सगळे पोट धरून हसले. प्रेरणासुद्धा हसली.

पण एटीकेटी म्हणजे माफी नव्हे, मुदत. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवायचं नाही, हा कॉलेजचा नियम. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिनं गणिताचा पेपर पुन्हा दिला, आणि घरी येऊन जी भिंतीकडं तोंड करून बसली ती बसलीच.

"अण्णा, पेपर हातात घेतला आन् सगळं पांढरं झालं," ती म्हणायची. तेव्हा ती त्यांना अण्णा म्हणायची! "रात्री मला सगळं येत होतं. तिथं काहीच आठवेना. मी ढ आहे, अण्णा. गणिताच्या मास्तराची पोरगी, आन् ढ... कशाला जन्मले मी तुमच्या पोटी?"

जेवण तुटलं. झोप तुटली. डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलं, आणि त्या कोरड्या डोळ्यांचीच सोमनाथरावांना जास्त धास्ती वाटायची. कारण त्याच उन्हाळ्यात, दुसऱ्या एका वर्गाच्या निकालाच्या दिवशी, होस्टेलवरचा एक मुलगा चप्पल न घालताच बाहेर पडला होता आणि परत आला नव्हता. त्याच्या बापाबरोबर सोमनाथराव बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन पालथं घालत फिरले होते. तो शेंद्र्याचा साधा माणूस फलाटावर मटकन खाली बसला आणि म्हणाला, "सर, चूक कुनाची का असंना... पन तुझी नाय, येवढं त्याला कुनीतरी म्हनायला पायजे होतं."

ते वाक्य सोमनाथरावांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

प्रेरणाचा निकाल लागला त्या दुपारी परीक्षा विभागातले काकासाहेब त्यांच्या खोलीत आले आणि दार लोटून उभे राहिले. काकासाहेब एरवी पायरीवरूनच बोलत यायचे, त्या दिवशी जवळ येऊन हळूच बोलले.

"सर... ताईचं गणित राहिलं."

"किती?"

"अकरा."

ऐंशीपैकी अकरा! पास व्हायला बत्तीस लागायचे. एखाद-दुसऱ्या मार्काचा प्रश्न असता तर प्रश्नच नव्हता. दोन-तीन मार्क कमी पडले तर ते सवलतीचे म्हणून कॉम्प्युटर आपोआप भरून टाकायचा. ते द्यायला कुणाचं मोठं मन लागत नसे आणि नाकारायला कुणाचं काळीज दगडाचं असावं लागत नसे. नियमच तसा. पण अकराला कुठला नियम धावून येणार?

त्या दिवशी सोमनाथराव स्कूटर हातानं ढकलत घरी आले. प्रेरणा गच्चीच्या जिन्यात बसली होती. निकालाच्या कागदावर हल्ली मार्क नसतात, नुसतं अक्षर असतं. तिनं मोबाइलवर ते अक्षर पाहिलेलं होतं. एफ! अक्षराचं बरं असतं, ते किती खोल बुडालात ते सांगत नाही, बुडालात एवढंच सांगतं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी त्याच लायकीची आहे."

आणि आयुष्यभर फळ्यावर एकही खोटी पायरी न लिहिलेल्या त्या माणसानं, त्या जिन्याच्या पायरीशी उभं राहून, जन्मातलं पहिलं खोटं मांडलं.

"तुला येतं सगळं. फक्त एका मार्कानं गेलीस."

प्रेरणानं मान वर केली.

"निकालाच्या बैठकीला मी होतो. तो एक मार्क द्यायचं माझ्या हातात होतं. मी दिला नाही."

"...कामून?"

"माझी मुलगी आहेस म्हणून."

"आन् दुसऱ्या कुणाची असते तर?"

सोमनाथरावांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. "तर दिला असता."

त्या मेलेल्या डोळ्यांत कसा जाळ झाला! पोर ताडकन उठली, अंगातलं सगळं रक्त चेहऱ्यावर आलं. अशी संतापलेली, थरथरती, जिवंत लेक बघून त्या बापाचं अंतःकरण एकाच वेळी फाटलंही आणि निवलंही... रागाला जीव लागतो. जी रागावली ती उद्या सकाळी उठेल, दात घासेल, आणि मला दाखवून देण्यासाठी का होईना, पुस्तक उघडेल!

"मग आजपासून मी दुसऱ्या कुणाचीच," ती ओठ दाबत म्हणाली. "कळलं का... सर?"

तो 'सर' तेव्हापासूनचा.

फेरतपासणीचा अर्ज करायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. अर्ज केला तर उत्तरपत्रिकेची प्रत हातात येणार, आणि प्रतीवर अकरा! तिनं त्याचा अर्थ लावला, बापाला आपली अब्रू लेकीहून मोठी. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "भीक नकोच मला तुमच्या कॉलेजची," आणि ह्या फणकाऱ्याचेही त्यांनी मनोमन आभार मानले. वर्ष गेलं. पण पुढच्या खेपेला तिनं तोच विषय असा काही सोडवला की वरून पहिली श्रेणी आली. मग पदवी, मग पुण्याला एम.टेक., मग तिथल्याच एका कॉलेजात नोकरी. मुलगी वर वर चढत गेली, आणि चढायला जो दगड पायाखाली होता त्याच्याकडं वळून बघायचं काही तिला कारण नव्हतं.

खरं फक्त काकासाहेबांना ठाऊक. आणि ते मधूनमधून सरांना टोचल्याशिवाय राहायचे नाहीत.

"सर, तुमी गनिताचे एवढे मोठे मास्तर, आन् खोटं बोलायला गेले तर आकड्यातच घसरले! एका मार्कानं कोन नापास होतं व्हय आपल्याकडं? कॉम्प्युटर सोडतो का त्याला? सात-आठ तरी सांगायचे!"

"सात-आठ सांगितले असते तर चूक तिची झाली असती, काकासाहेब," सोमनाथराव म्हणायचे. "सात मार्क न देणाऱ्या बापाला लोक शहाणा म्हणतात. एक न देणाऱ्यालाच कसाई म्हणतात. मला कसाई पाहिजे होता."

"लई अवघड हाय बाबा तुमचं गनित," म्हणून काकासाहेब तंबाखू मळायला लागायचे.

आणि आश्चर्य हे, की त्या चुकीच्या आकड्यावर घरात कुणीच बोट ठेवलं नाही! ना प्रेरणानं, ना भावकीनं. संतापलेला माणूस कधी ताळा करून बघत नाही... त्याला आलेलं उत्तरच पाहिजे असतं.

राहता राहिल्या द्वारकाबाई. त्यांना सांगता आलं असतं. पण त्या माउलीच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही! सकाळी कानात सांगावं ते दुपारी वैजापुरात तिच्या माहेरी पोचलेलं असायचं, आणि संध्याकाळी तिथून दुरुस्त होऊन परत यायचं. लेकीचे अश्रू पुसायच्या उमाळ्यात ती एका दमात सगळं बोलून गेली असती. तेव्हा सोमनाथरावांनी बायकोपुढंही कसाईपणच पत्करलं.

द्वारकाबाईंनी त्यांना त्याची चव रोज दिली. भांडण नाही, तंडण नाही, नुसतं ताटातून.

"आमटीत मीठ जरा कमी आहे का गं?"

"एका मार्कानं कमी हाय. तुमच्या घरात चालत नाय व्हय?"

आणखी भाकरी मागितली तर, "नियमात बसत नाय." चहात साखर मागितली तर, "घरच्यांला सवलत नाय." आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सोमनाथराव खाली मान घालून अळणी आमटी ओरपायचे. संसार मोडला नाही, पण त्यातलं मीठ गेलं... आणि माणूस मिठावाचून किती वर्षं जेवू शकतो, हे त्या घरात बघावं!

गेल्या वर्षी द्वारकाबाईंनी अंथरूण धरलं. प्रेरणा रजा टाकून आली होती, आईच्या उशाशी बसायची, आणि बाप आत आला की काहीतरी आणायला म्हणून बाहेर जायची. शेवटच्या दुपारी खोलीत दोघंच होते. द्वारकाबाईंनी नवऱ्याचा हात धरला. त्या हातात आता टोमणा मारायची ताकद उरली नव्हती.

"अवो... म्या तुमच्या घरात कदी काय मागितलं का? आता एकच सांगा. त्या पोरीला एक मार्क कामून नाय दिला वो?"

एवढ्या वर्षांचा बांध त्या एका 'वो'नं फुटला. सोमनाथराव वाकले. तिच्या कानाशी तोंड नेलं. "द्वारके... एक नव्हता गं..."

तिचे डोळे मोठे झाले. ओठ हलले. 'मग किती?'

तेवढ्यात दार ढकलून औषध घेऊन प्रेरणा आत आली, आणि सोमनाथराव ताठ उभे राहिले! सवय... नुसती सवय! द्वारकाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. विचारत राहिल्या. दिवेलागणीच्या आत त्या गेल्या, तरी डोळ्यांतला तो प्रश्न काही मिटला नाही. पापण्या हातानं मिटाव्या लागल्या, त्या सोमनाथरावांनीच मिटल्या.

अर्धं वाक्य! फळ्यावर अर्धं गणित टाकून ते कधी वर्गाबाहेर गेले नव्हते. आणि आयुष्याच्या सोबतिणीला अर्धं उत्तर देऊन वाटेला लावलं... त्या दिवसापासून रोज फोटोसमोर उभं राहून ते वाक्य पुरं करायचा प्रयत्न करायचे. पण फोटोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. फोटो 'मग किती?' असं विचारत नाही.

आजची पंगत उठली. कावळ्यासाठी पानावर वाढलेली वाडी गच्चीवर नेऊन ठेवली होती. काकासाहेबही जेवायला होते. निघताना त्यांनी एकदा बापाकडं, एकदा लेकीकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात सुपारी टाकून ते वळते झाले. दीपमाला भांडी आवरायला मोरीत गेली. ओसरीत दोघंच उरली, आणि मध्ये भिंतीवर द्वारकाबाई.

आता ही निघेल, सोमनाथरावांच्या मनात आलं. बॅग उचलेल. 'येते, सर.'

पण प्रेरणा खुर्ची ओढून समोर बसली.

"सर, एक शंका होती."

शंका! वर्गात हात वर करून पोरं म्हणायची तसं. सोमनाथराव नकळत ताठ बसले. "विचार."

"ह्या वर्षी मला कॉलेजनं निकालाच्या कामावर घेतलंय. मागच्या आठवड्यात एक मुलगी रडत आली. म्हणाली, मॅडम, मी एका मार्कानं गेले. मी तिला म्हटलं, वेडे, एका मार्कानं कुणी जातं का? एक कमी असेल तर कॉम्प्युटरच भरतो. तू बरीच खाली असशील, उगाच मनाची समजूत घालू नकोस..." प्रेरणाचा आवाज तिथं थोडा अडखळला. "एवढं बोलले, आन् तोंड तसंच उघडं राहिलं माझं. ती मुलगी म्हणायला लागली, मॅडम, तुम्हाला काय झालं?"

मोरीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

"आपल्याकडं पण तोच नियम होता. तेव्हापण होता, मी जुनं नियमाचं पुस्तक काढून बघितलं. एक कमी असता तर मी पास झाले असते. तुम्ही नाही म्हणाला असता तरी झाले असते! द्यायचं, न द्यायचं तुमच्या हातात नव्हतंच." ती पुढं वाकली. "किती होते मला?"

"झालं गेलं ते... कशाला आता, प्रेरणा..."

"सर, किती होते?"

"पास व्हायला बत्तीस..."

"ते मी पोरांना रोज सांगते! मला किती होते?"

सोमनाथरावांनी फोटोकडं पाहिलं. एवढी वर्षं छातीशी कवटाळून ठेवलेलं ते एवढंसं उत्तर, आणि ते सोडताना वाटलं, जणू लेकच हातातून सुटून पडणार आहे...

"अकरा," ते म्हणाले.

ओठांतल्या ओठांत तिनं तो आकडा म्हणून पाहिला. मग तिचा चेहरा लहान मुलासारखा आधी चुरगाळला, आणि मग फुटला.

"अकरा! आन् मी सगळ्या गावाला सांगत फिरले... माझ्या पोरांना वर्गात सांगते मी, की माझ्या बापानं मला एका मार्कासाठी..." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला अकरा कळले असते तर मी... मी त्या दिवशी जिन्यात बसून काय ठरवलं होतं, तुम्हाला माहीत होतं का?"

"तुझे डोळे बघितले होते मी."

"अण्णा!"

तो शब्द! आठ-नऊ वर्षं ज्या शब्दाची वाट बघत त्या म्हाताऱ्या कानांनी 'सर', 'सर' ऐकून घेतलं होतं! प्रेरणा खुर्चीवरून घसरून त्यांच्या पायांशी आली, गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली, आणि सोमनाथरावांना डोक्यावरून हात कसा फिरवतात तेच आठवेना. हात नुसताच तिच्या केसांवर पडून राहिला.

"आईला तरी सांगायचं, अण्णा! तिच्यासंगं तरी..."

"तुझ्या आईच्या तोंडात?" रडता रडता त्यांना हसू फुटलं, "तीळ भिजला असता का? त्याच दुपारी वैजापूरला तार गेली असती!"

प्रेरणाही हसली, आणि हसण्यातून तिला आणखी जोराचा हुंदका आला. मोरीच्या दारात दीपमाला पदरानं नाक पुसत होती. "भावजी, आमटी अळणी खाऊ खाऊ मेलात की वो तुमी," एवढंच ती म्हणाली.

"ती विचारत होती गं," सोमनाथराव हळू आवाजात म्हणाले. "शेवटी विचारलं तिनं. मी सांगायला वाकलो... 'एक नव्हता,' एवढं म्हणालो, आन् तू औषध घेऊन आलीस. किती ते राहिलंच. तसेच उघडे डोळे घेऊन गेली ती."

प्रेरणानं मान वर केली. आपण दार ढकललं तो क्षण तिला दिसला असावा. आई तिच्याकडं न बघता बापाकडं बघत होती, आणि ह्या लेकीनं त्याचाही राग धरला होता...

ती उठली. डोळे न पुसताच जिन्याकडं गेली, त्याच जिन्याकडं, आणि भराभरा वर चढली. सोमनाथराव कठडा धरत मागं निघाले, पण दुसऱ्या पायरीवरच थांबले. ते तिथंच बसले, ती त्या दुपारी बसली होती तिथं.

वरून, वाडीच्या पानाशी उभी राहिलेल्या प्रेरणाचा आवाज आला. गळा फाडून, शेजारपाजाऱ्यांची तमा न करता ती ओरडत होती.

"आई! अकरा होते गं! ऐकलंस का? एक नाही... अकरा! अण्णांनी काही नाही केलं गं, आई... अकराच होते मला!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थबकली असेल. ऐकू दे! आता सगळ्या सिडकोला ऐकू दे.

आवाज फुटला, खाली आला, विझला. नंतर बराच वेळ नुसता हुंदका ऐकू येत होता.

पायरीवर बसलेले सोमनाथराव वर, जिन्याच्या चौकटीत दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडं बघत राहिले. "झालं," ते स्वतःशीच पुटपुटले. "आता द्वारका तिकडं सगळ्यांना सांगत सुटेल."

मग दीपमालानं आणून दिलेल्या वाटीतून, श्राद्धाच्या जेवणातून उरलेल्या कढीचा एक घोट त्यांनी घेतला. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर... आणि ते बरोबर आहे, हे जिला सांगायचं, तीच घरात नव्हती.